खटक्याची छत्री

आमच्या घरात शिकारीचं रक्त आहे, असं माई आत्याचं ठाम मत होतं. तिच्या आजोबांनी होळकर दरबारात नोकरी केली होती आणि महाराजांच्या शिकारीवर ते बरोबर जात असत, एवढं ऐकीव खरं होतं. पुढचं तिचं तिने रचलं होतं. मचाण, चांदणं, झुडपात चमकणारे दोन डोळे आणि महाराजांच्या शेजारी श्वास रोखून बसलेले आमचे पणजोबा. बाबा हे ऐकताना मान खाली घालून जेवत राहायचे. एकदाच कधीतरी ते म्हणाले होते, "माई, ते मुदपाकखान्यात होते. शिकारीला जायचे ते स्वयंपाकाला." आत्याने वाटीत वरण वाढता वाढता उत्तर दिलं, "म्हणून काय झालं? जंगलात तर जाऊन राहिले होते ना." त्यामुळे शाळेच्या शिबिरात माझ्या हाती पहिल्यांदा रायफल दिली गेली आणि माझ्या गोळ्या काळ्या गोलात एकमेकींना चिकटून बसल्या, तेव्हा घरात सर्वांत कमी नवल आत्याला वाटलं. छिद्रं पडलेला तो कागद आईने स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यामागे भिंतीवर चिकटवला. वर्षभरात त्याच्यावर हळदीची बोटं उमटली, तरी तो तिथेच राहिला.

घर मल्हारगंजात, गल्लीच्या मध्यावर. खाली एका कासाराची ठोकाठोक, समोर मसाला कांडायची गिरणी, वरच्या अंगाला टायपिंगचा क्लास. सकाळपासून कानावर काही ना काही आदळत असायचं आणि त्यातून आईची हाक ऐकू आली नाही की ती पळी कढईवर आपटायची. नाश्त्याला पोहे ठरलेले. वर शेव, जिरावणाचा मसाला, लिंबू. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, जलेबीही त्यातच कुस्करायचा. मला ते तेव्हाही पाहवत नसे आणि आता तो आजोबा झाला तरी पाहवत नाही. या सगळ्या गलक्यात एकटे बाबा शांत. कचेरीतून आले की पाय धुवायचे, रेडिओचा आवाज कमी करायचे आणि खिडकीशी बसायचे. त्यांना दर दिवाळीत सर्दी व्हायची. नेमकी धनत्रयोदशीला सुरू व्हायची आणि भाऊबीजेला बरी व्हायची. ते चार दिवस कानांत कापूस घालून, डोक्यावरून पांघरूण घेऊन ते आतल्या खोलीत पडून राहत आणि आम्ही मुलं अंगणात मनसोक्त फटाके उडवत असू. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायची, सगळं शहर राजवाड्याकडे लोटायचं, ढोल-ताशांनी आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, त्या दिवशीही त्यांच्या नाकात काहीतरी सुरू व्हायचंच. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येकाच्या बाबांची काहीतरी प्रकृती असते, आमच्या बाबांची सणावारी सर्दीची होती.

शाळा संपून मी कॉलेजात गेले तेव्हा राऊच्या वाटेवर एक रायफल क्लब होता. क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, समोर मोकळं रान आणि रानाच्या टोकाला मातीचा उंच बांध. आता त्या भागात इतक्या इमारती झाल्या आहेत की मी स्वतः तिथेच एका फ्लॅटमध्ये राहते, तरी ती शेड नेमकी कुठे होती हे मला दाखवता येत नाही. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. सगळे त्यांना सुभेदारजी म्हणत. पांढऱ्या मिशा, पायांत कॅनव्हासचे बूट, खिशात कायम बडीशेप. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "बेटा, तेरा हाथ ठंडा है. ठंडा हाथ भगवान देता है, बाकी हम दे देंगे." ही गोष्ट मी घरी येऊन सांगितली तेव्हा आत्याने बाबांकडे असं पाहिलं की पणजोबा त्या क्षणी मुदपाकखान्यातून कायमचे मचाणावर चढले.

बाबांचा या सगळ्याला विरोध नव्हता, पण मनही नव्हतं. ते फार बोलत नसत, त्यामुळे नक्की काय खुपतं हे कळायचं नाही. एका रात्री जेवताना त्यांनी अट सांगितली. उन्हाळ्यात राज्याच्या संघाची निवड होती. निवड झाली तर पुढे खुशाल कर. नाही झाली तर रायफल बंद, आणि वरच्या टायपिंग क्लासला नाव घालायचं. "हाताला काहीतरी काम पाहिजे ना," ते म्हणाले. "बंदुकीने काय ऑफिसात नोकरी लागते?" आई म्हणाली, "ठीकच तर म्हणून राहिले." मी लगेच हो म्हटलं, कारण माझा हात ठंडा होता आणि निवड होणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. वरून त्या यंत्रांची टकटक ऐकू येत होती. मला ती अगदी परक्याची वाटत होती.

आणि मग ती पुंगळी आली. आम्ही पालथं पडून, कोपरं जमिनीला टेकवून नेम धरायचो. माझ्या डाव्या हाताला महूची एक मुलगी असायची. गोळी झाडल्यावर तिने झटक्यात बोल्ट ओढला आणि तिच्या रायफलीतून उडालेली रिकाम्या काडतुसाची तापलेली पितळी पुंगळी थेट माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून आत शिरली. ती मानेखाली वेणीपाशी अडकली, आणि मला रायफल हातात असल्यामुळे उठता येईना, हलता येईना. शिस्तच तशी होती. रायफल खाली ठेवून, बोल्ट उघडून, मग उठायचं. तेवढ्या वेळात पुंगळीने आपलं काम केलं. घरी आईने भाजलेल्या जागी कोरफड लावली, आत्याने माझी दृष्ट काढली. दोन दिवसांत कातडी निवली. पण शरीराने तेवढ्यात काहीतरी भलतंच शिकून घेतलं होतं.

पुढच्या वेळी मी नेम धरला, चापावर बोट ठेवलं, आणि गोळी सुटायच्या किंचित आधी माझे डोळे मिटले. खांदा आक्रसला. नळी खाली गेली. गोळी बांधाच्या मातीत कुठेतरी. मला वाटलं, होतं एखाद्या वेळी. दुसऱ्या गोळीला तेच. तिसरीला मी दात दाबून ठरवलं की डोळे मिटणार नाही, तर डोळे उघडे राहिले आणि सगळं अंगच उडालं. सुभेदारजी मागे उभे राहून बडीशेप चघळत होते. ते म्हणाले, "फ्लिंच आ गई." फौजेतला शब्द असावा. मला तो रोगाच्या नावासारखा वाटला. घरी येऊन मी सांगितलं, मला दचक लागली आहे.

आमच्या घरात कुणालाही काही झालं की सगळे एकदम वैद्य होत. उचकी लागली की दचकवायचं, हे सर्वांना माहीत. दादाने त्यावरून सिद्धान्त मांडला की दचक लागली असेल तर आणखी दचकवायचं, म्हणजे शरीराला सवय होईल आणि दचक विटून जाईल. आईला ते पटलं. आत्याला तर फारच पटलं. त्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. मी अभ्यासाला बसले की दादा कागदाची पिशवी फुगवून माझ्या कानाशी फोडायचा. मी केस विंचरत असले की आत्या मागून परात पाडायची आणि लगेच विचारायची, "आली का गं? आता कमी आली का?" आई कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात मला मुद्दाम ओट्यापाशी बोलवायची. शेजारच्या भाभीलाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ती बिचारी जिन्यात दबा धरून बसायची आणि मी आले की "भॉक" करून स्वतःच इतकी हसायची की तिला पाणी द्यावं लागे. हे सगळं प्रेमाने चाललं होतं, त्यामुळे रागावताही येईना. परिणाम एवढाच झाला की आधी मी फक्त रेंजवर दचकत होते, ती आता दाराच्या कडीला, दुधाच्या कॅनला आणि फोडणीत पडलेल्या मोहरीलाही दचकू लागले.

बाबांनी या उपचारात भाग घेतला नाही. दादाने पिशवी फोडली की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायचा आणि ते कपाळाला आठ्या घालून उठून जायचे. एका सकाळी आत्याच्या परातीबरोबर त्यांचा अर्धा कप धोतरावर गेला. "बस झालं," ते म्हणाले. "उद्यापासून या घरात कोणी काही पाडणार नाही, फोडणार नाही." त्यांचा आवाज इतका चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, माझी दया आली. आत्या परात उचलत पुटपुटली, "भलाईचा जमानाच नाही राहिला."

सुभेदारजींनी मात्र वेगळीच गंमत केली. ते म्हणाले, आजपासून रायफल मी भरीन, तू फक्त चालव. प्रत्येक गोळीला ते माझ्याकडे पाठ करून रायफल भरायचे आणि माझ्या हातात द्यायचे. मी नेम धरला, चाप ओढला, जोरात दचकले, आणि आवाजच झाला नाही. नुसतं कट् झालं. त्यांनी काडतूस घातलंच नव्हतं. नळी मात्र हातभर हलली होती. शेडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. मला इतकी लाज वाटली की जमिनीत तोंड खुपसून पडून राहावंसं वाटलं. सुभेदारजी शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "देखा? धमाका हुआ ही नहीं, और तू डर गई. मतलब तू धमाके से नहीं डरती. तू उसके आने से डरती है. तुझे पता है कि अब आएगा. ये पता होना ही बीमारी है."

मग उपाय काय, मी विचारलं. उपाय असा की चाप इतका सावकाश, इतका एकसारखा दाबत जायचा की गोळी कधी सुटेल हे आपल्यालाच कळता कामा नये. हे ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की बोट मध्येच थांबतं, मन म्हणतं, हां, आता, आणि अंग उडतं. रेंज आठवड्यातून दोनदाच उघडी असे आणि रायफल घरी न्यायची परवानगी नव्हती. सुभेदारजी म्हणाले, "घर में कोई चीज़ नहीं है क्या, जिसमें खटका हो?"

घरी अशी एकच वस्तू होती. बाबांची छत्री. काळी, लाकडी मुठीची, मुठीजवळ बटण दाबलं की आपोआप उघडणारी. तिचा खटका वर्षानुवर्षं ढिला झाला होता. कधी नुसतं बोट लागताच ती उघडायची, कधी बराच वेळ दाबत राहावं लागे, कधी दोन-तीनदा हुलकावणी देऊन मग हळूच फुलायची. आई दर उन्हाळ्यात बाबांना सांगायची की दुरुस्त करून आणा, पाऊस तोंडावर आल्यावर कारागीर हातात लागत नाही. बाबा दर वर्षी हो म्हणायचे आणि आणायचे नाहीत. मी स्वयंपाकघरात सतरंजीवर पालथी पडले, छत्रीची मूठ खांद्याला लावली, समोरच्या भिंतीवरच्या त्या छिद्रांच्या कागदावर नेम धरला आणि बटण दाबू लागले. दाबत गेले, दाबत गेले. काहीच होईना. मी वाट पाहणं सोडून दिलं, आणि तेवढ्यात फस्स करून छत्री उघडली. मी दचकले नव्हते. दचकायला वेळच मिळाला नव्हता.

आत्याला घरात छत्री उघडलेली मुळीच खपत नसे, पण पणजोबांच्या नावासाठी तिने तेही सोसलं. ती फक्त दर वेळी माझ्या अंगावरून मीठ ओवाळून टाकायची. सकाळ-संध्याकाळ माझा हाच उद्योग. त्या छत्रीचा अंदाज कुणालाही येणं शक्य नव्हतं आणि हेच मला हवं होतं. हळूहळू रेंजवरही फरक दिसू लागला. सुभेदारजींनी रिकामी रायफल दिली की नळीची माशी, म्हणजे टोकाची ती बारीक खूण, जागच्या जागी स्थिर राहू लागली. वाईट दिवस अर्थात येतच होते. अशा दिवशी पहिल्या काही गोळ्यांतच सुभेदारजींना कळायचं. ते म्हणायचे, "आज दूध फट गया है बेटा. अब इसकी चाय मत बना. जा, घर जा, कुछ अच्छा खा." मला ते पटत नसे. मला वाटायचं, वाईट दिवशी जास्त मेहनत करावी. ते रायफल माझ्या हातातून काढून घेत आणि मी चिडून बसस्टॉपवर जाऊन कचोरी खात असे. आज माझ्या पुतणीची मुलगी एअर रायफल शिकते. तिचं टार्गेट पडद्यावर दिसतं, गुणही दशांशात येतात, आणि वाईट दिवशी ती माझ्यासारखीच तोंड फुगवून घरी येते. मी तिला खायला देते आणि काही विचारत नाही. एवढं मी सुभेदारजींकडून शिकले.

निवडीच्या आदल्या दिवशी बाबा कचेरीतून उशिरा आले. हातात छत्री होती. ती त्यांनी माझ्यासमोर धरली आणि चेहऱ्यावर शक्य तेवढा निर्विकार भाव आणून म्हणाले, "बोहरा बाखळीजवळ एक कारागीर आहे, त्याच्याकडून करवून आणली. नवीन स्प्रिंग टाकली आहे. आता तुला त्रास नको." मी बटण दाबलं. बोट लागताक्षणी, फट्, गोळी सुटावी तशी छत्री उघडली. मी दचकले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आता ती कधी उघडणार हे मला पक्कं माहीत होतं, आणि सुभेदारजींनी सांगितलंच होतं की माहीत असणं हीच बीमारी. बाबा पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या रायफलीसाठी काहीतरी केलं होतं. मी म्हटलं, "फारच छान झाली बाबा," आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. आईने कारण विचारलं तर सांगितलं, सर्दी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं असा डबा दिला. आत्याने दही-साखर हातावर ठेवली. दादा मला सोडायला येणार होता, पण बाबा कपडे घालून तयार उभे होते. "मी नेतो हिला," ते म्हणाले. ते रेंजवर कधीच आले नव्हते. स्कूटरवर मी मागे बसले, मांडीवर डबा आणि काखेत छत्री. ऊन लागेल म्हणून ती त्यांनीच घ्यायला लावली होती.

तो दिवस वाईट आहे हे मला आडवी होताक्षणीच कळलं. सतरंजी टोचत होती, रायफलीचा दस्ता खांद्यात बसत नव्हता, आणि डाव्या हाताला पुन्हा तीच महूची मुलगी. सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्या गुणांत धरत नाहीत, हे नशीब. पहिलीलाच डोळे मिटले. दुसरी मातीत. तिसरीला अंग असं उडालं की गाल दस्त्यावर आपटला. ठरलेल्या वेळात केव्हाही उठून मागे यायची मुभा होती, तशी मी रायफल ठेवली आणि सुभेदारजींपाशी गेले. मी म्हटलं, "सुभेदारजी, दूध फट गया. आज नहीं होगा." मला वाटलं, ते नेहमीसारखं घरी जा म्हणतील. ते बडीशेप हातावर काढत म्हणाले, "रोज़ की बात अलग है, रोज़ मैं शटर गिरा देता हूँ. आज तो दुकान खोलनी पड़ेगी. फटे दूध का कलाकंद बना ले. बैठ थोड़ी देर, पानी पी, फिर जा."

मी मागच्या बाकांकडे वळले. माझी गल्ली, म्हणजे नेम धरायची जागा, रिकामी होती, बाकीच्यांचं चालू होतं. पालकांच्या रांगेत अगदी टोकाला बाबा बसले होते. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यावर दोन्ही हात. शेडमध्ये एक गोळी सुटली आणि बाबा जागच्या जागी उडाले. खांदे कानांपर्यंत गेले, डोळे घट्ट मिटले, डब्याचं झाकण खणखणलं. मग डोळे उघडले, खांदे खाली आले, आणि पुढची गोळी. पुन्हा तसंच. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज दुप्पट होतो आणि गोळ्या तर एकामागून एक सुटत होत्या. कानात कापूस नव्हता. शेजारचे एक गृहस्थ हसून त्यांना काहीतरी म्हणाले, बहुधा बाहेर झाडाखाली बसा असं, कारण त्यांनी कडुलिंबाकडे बोट केलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा समोर, माझ्या रिकाम्या गल्लीकडे पाहू लागले. मी थोडी बाजूला उभी होते, त्यामुळे त्यांना मी दिसत नव्हते.

मला एकदम सगळं कळलं. दिवाळीची सर्दी, गेरची सर्दी, बशीतला चहा. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि त्या दोन्हींच्या ओढाताणीत माझं अंग सैल पडलं. मी पाणी प्यायले आणि परत जाऊन आडवी झाले. इतके महिने मी दचक येऊ नये म्हणून दारात पहारा दिला होता. आता म्हटलं, येते तर येऊ दे. मी माशीकडे पाहत राहिले आणि बोटाला त्याचं काम करू दिलं. पहिल्या काही गोळ्यांना अंग हललं, पण कमी हललं. डावीकडून पुंगळी उडून माझ्या कोपराशी पडली, तिच्याकडे मी पाहिलं आणि पुन्हा नेमाकडे वळले. मग केव्हातरी एक गोळी अशी सुटली की ती मी सोडली हेच मला कळलं नाही. त्या जुन्या ढिल्या छत्रीसारखी आपली आपण सुटली. तशाच मग बऱ्याच गेल्या. सगळ्या नाही. मध्येच एखादी बहकत होती आणि मी तिला बहकू देत होते.

निकाल लावायला वेळ होता. आम्ही कडुलिंबाखाली बसून पुऱ्या खाल्ल्या. लोणच्याचं तेल पेपरवर पसरत होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही प्रत्येक गोळीला दचकून राहिले होते."

"हो," बाबा म्हणाले. पुरीचा तुकडा लोणच्यात बुडवून त्यांनी तो सावकाश खाल्ला. "लहानपणापासूनच आहे. मला ती सर्दी-बिर्दी काही नसते."

"मग बाहेर यायचं ना. ते काका सांगत होते."

"दचकलो," ते म्हणाले, "पण उठलो नाही ना."

मी आणखी एक पुरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. ती घेत ते म्हणाले, "टायपिंगचं राहू दे. आज काय व्हायचं ते होवो. तुला यायचं असेल तर येत जा, मी सोडत जाईन." मी म्हटलं, "पण बाबा, निकाल अजून…" ते म्हणाले, "निकाल तुझा. अट माझी होती, ती मी काढून घेतली." डब्याचं झाकण लावता लावता, जणू काही ते आत्ताच सुचलं असावं अशा थाटात त्यांनी विचारलं, "छत्री ढिलीच बरी होती का गं?" मी होकारार्थी मान हलवली. "मलाही ढिलीच बरी वाटायची," ते म्हणाले. "म्हणूनच इतकी वर्षं दुरुस्त करवत नव्हतो."

सुभेदारजींनी शेडच्या दारात उभं राहून नावं वाचली. माझं नाव अगदी शेवटी आलं, इतकं शेवटी की मी ऐकायचं सोडून चपलेतला खडा काढत होते. बाबांनीच माझा दंड धरून हलवलं. त्यांना पुन्हा खात्री करून घ्यायची होती, म्हणून ते सुभेदारजींपाशी जाऊन विचारून आले. सुभेदारजींनी त्यांच्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "कलाकंद बन गया, बेटा." घरी गेल्यावर आत्याने ही बातमी सबंध गल्लीला सांगितली आणि पणजोबांच्या खात्यावर त्या संध्याकाळी आणखी एक वाघ जमा झाला. पण तो पुढचा भाग. आधी आम्हाला स्कूटरपर्यंत जायचं होतं आणि मधलं मोकळं रान उन्हाने भाजत होतं. बाबांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली, तोंड किंचित वळवलं, डोळे बारीक केले आणि बटण दाबलं. फट्कन छत्री उघडली आणि आम्ही दोघंही एकदमच दचकलो.